गोठविलेले सरबत : शास्त्र, कृती आणि सचोटी

(फळप्रक्रिया प्रशिक्षणवर्गात महिला बचत गटांच्या सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा पाठ)



सरबत हा शब्द आपल्या घराघरांत इतका रुळला आहे की, तो दूरदेशाहून आपल्याकडे आला याची आठवणही आता कोणास होत नाही. पाहुणा उन्हातून आला म्हणजे लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत पुढे करावे, हा आपला रिवाज. परंतु आज ज्या सरबताविषयी बोलावयाचे आहे, ते पेल्याने पिण्याचे नसून चमच्याने खाण्याचे आहे. फळांचा रस, साखर आणि थोडेसे दूध यांचे मिश्रण घुसळत घुसळत गोठविले म्हणजे जो मऊ, आंबटगोड आणि जिभेवर चटकन विरघळणारा पदार्थ तयार होतो, त्यास इंग्रजीत ‘शर्बेट’ म्हणतात. आपण त्यास गोठविलेले सरबत म्हणू.

हा विषय निवडण्याचे कारण केवळ चवीचे नाही. आपल्या राज्यात फळे पिकतात ती हंगामाने, आणि हंगाम आला म्हणजे ती एकदमच बाजारात येतात. आकाराने लहान राहिलेले संत्रे किंवा सालीवर डाग पडलेला आंबा ग्राहकाच्या नजरेस भरत नाही. त्याच्या रसात मात्र काहीच उणे नसते. अशा फळास योग्य मोल मिळवून देण्याचा एक मार्ग या पदार्थात आहे. शिवाय त्यास मलई लागत नाही आणि दूधही थोडेच लागते. त्यामुळे मोठे भांडवल नसलेल्या गटासही तो हाती घेता येण्यासारखा आहे. तथापि, हा पदार्थ मुले खाणार आहेत, आणि त्यात पाणी, दूध व बर्फ या तिन्ही नाजूक वस्तूंचा संबंध येतो. म्हणून कृतीबरोबरच त्यामागील शास्त्र आणि त्यासोबत येणारी जबाबदारी या दोन्हींचा विचार आपणांस करावयाचा आहे.

शब्दाचा आणि पदार्थाचा प्रवास

अरबी भाषेत पिणे या अर्थाचा जो धातू आहे, त्यापासून ‘शराब’ आणि ‘शरबत’ हे दोन्ही शब्द निघाले. शरबत हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत सरबत झाला. तोच तुर्की भाषेच्या वाटेने युरोपात गेला. इटलीत तो ‘सोर्बेत्तो’ झाला, फ्रान्समध्ये ‘सोर्बे’ आणि इंग्लंडात ‘शर्बेट’. उन्हाळ्यासाठी बर्फ साठविण्याची कला इराणी लोकांस फार पूर्वीपासून अवगत होती. जाड भिंतींच्या घुमटाकार तळघरांत हिवाळ्यातील बर्फ ते महिनोन्‌महिने राखीत. शिराझ शहराचा प्रसिद्ध ‘फालुदे’ हा पिष्टाच्या बारीक शेवया साखरेच्या पाकात गोठवूनच केला जातो.

आपल्याकडेही थंडाव्याची हौस जुनी आहे. अबुल फजल याने ‘आइन-ए-अकबरी’त पाणी थंड करण्यासाठी सोऱ्याचा उपयोग होत असे, अशी नोंद केली आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो आणि पाणी गार होते. बादशहाचा मुक्काम पंजाबात पडल्यावर, म्हणजे १५८६ च्या सुमारास, उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ आणविण्याची व्यवस्था झाली, असेही त्यात नमूद आहे.

युरोपात या पदार्थाने बाळसे धरले ते नेपल्स शहरात. अंतोनिओ लातीनी या कारभाऱ्याने १६९२ व १६९४ या वर्षी दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात लिंबाच्या, चॉकलेटच्या आणि दुधाच्याही सोर्बेत्तोच्या कृती आढळतात. पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील नॅन्सी जॉन्सन या महिलेने १८४३ साली हाताने फिरवावयाच्या गोठवणयंत्राचे एकस्व मिळविले. बाहेर लाकडी बादली, आत धातूचे उभे भांडे, त्यात फिरणारे पाते आणि वर दांडा, अशी त्याची रचना. मे महिन्याच्या सुटीत ज्या पॉटातील आइस्क्रीमसाठी घरातील मुले पाळीपाळीने दांडा फिरवीत असत, तो पॉट याच यंत्राचा वंशज. हा व्यवसाय घरोघर नेणारे साधन एका महिलेच्या कल्पकतेतून निघाले, ही गोष्ट आपणांस विशेष वाटावी.

त्या काळात हिंदुस्थानात बर्फ येत असे तो जहाजाने. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळूनही सुमारे १०० टन बर्फ धक्क्यास लागला. आज तालुक्याच्या गावी सहज मिळणारी वस्तू एकेकाळी अशी सातासमुद्रांपलीकडून येत होती.

सरबत, आइस्क्रीम आणि नुसता बर्फ

गोठविलेल्या पदार्थांत नावांचा घोटाळा फार होतो. त्याचा उलगडा आधी केला पाहिजे. अमेरिकेत या पदार्थाची व्याख्या कायद्यानेच ठरविलेली आहे. तेथे ‘शर्बेट’ म्हणविणाऱ्या पदार्थात दुधाची स्निग्धता १ ते २ टक्के आणि दुधाचे एकूण घनपदार्थ २ ते ५ टक्के असावे लागतात. संत्रे, लिंबू यांसारख्या फळांचे प्रमाण किमान २ टक्के, बेरीवर्गीय फळांचे ६ टक्के आणि इतर फळांचे १० टक्के असावे लागते. हवा भरून पदार्थ फुगविण्यासही मर्यादा आहे. लिटरमागे सुमारे ७२० ग्रॅमपेक्षा कमी वजन भरता कामा नये. दूध मुळीच नसेल, तर तो शर्बेट नव्हे. त्याची गणना तेथे पाण्याच्या बर्फात होते. फ्रेंच सोर्बेतही सामान्यतः दूध नसते.

भारतात साध्या ‘आइस्क्रीम’ या नावास किमान १० टक्के दुग्धस्निग्धता आवश्यक आहे. ‘फ्रोझन डेझर्ट’ हा आपल्या नियमांत स्वतंत्र वर्ग असून, त्यात खाद्य वनस्पतिजन्य तेल किंवा चरबी वापरण्याची मुभा आहे. आपले दूधयुक्त सरबत यांपैकी आइस्क्रीम खासच नव्हे. तेव्हा वेष्टनावर काय छापावे, हे छपाईनंतर नव्हे, छपाईपूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. ‘अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६’ अन्वये नोंदणी किंवा परवाना घेतल्याशिवाय खाद्यपदार्थाची विक्री करता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

गोठण्यामागील शास्त्र

शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सियसला गोठते आणि त्याचा दगडासारखा खडा होतो. पाण्यात साखर विरघळविली म्हणजे ते शून्याच्या खाली गोठू लागते. आपल्या मिश्रणासारख्या मिश्रणात हा बिंदू शून्याखाली सुमारे ३ अंशांवर जातो. मौज पुढेच आहे. गोठताना फक्त पाण्याचे स्फटिक वेगळे होतात, आणि उरलेला पाक अधिकाधिक दाट होत जातो. पाक दाट झाला म्हणजे त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. त्यामुळे शून्याखाली ५ अंशांवरही मिश्रणातील निम्म्याच्या आसपासच पाणी गोठलेले असते. उरलेले पाणी दाट पाकाच्या रूपाने स्फटिकांभोवती राहते. म्हणूनच पदार्थ चमच्याने कापता येतो.

आइस्क्रीमला मऊपणा देण्याचे काम बरेचसे स्निग्धांश करतो. सरबतात स्निग्धांश नाममात्र असल्याने ते काम साखरेस करावे लागते. म्हणून आइस्क्रीममध्ये साखर साधारण १५ टक्के असते, तर सरबतात सर्व प्रकारची मिळून २५ ते ३५ टक्के. एवढी गोडी नुसती असती तर ती नकोशी झाली असती. तिला तोलून धरते फळांची आंबट चव. शिवाय जीभ थंड असताना गोडी कमी जाणवते. यास्तव मिश्रण गोठविण्यापूर्वी चाखल्यास अंमळ जास्त गोड लागणे, हा दोष समजू नये. साखर कमी केली तर पदार्थ टणक होतो, वाजवीपेक्षा वाढविली तर तो गोठतच नाही. चवीपुरती साखर, हा स्वयंपाकघरातील नियम येथे चालत नाही. येथे तराजूच लागतो.

आता बर्फात मीठ का घालावयाचे, हे पाहू. बर्फ वितळताना एका ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. मिठामुळे त्याचा वितळणबिंदू खाली येतो. त्यामुळे तो शून्याखालीही वितळू लागतो आणि लागणारी उष्णता आतील भांड्यातून ओढून घेतो. मीठ आणि बर्फ यांच्या मिश्रणाने गाठता येणारे सर्वांत कमी तापमान शून्याखाली सुमारे २१ अंश आहे. परंतु घुसळताना एवढ्या थंडीची गरज नसते. वजनाने ७-८ भाग बर्फास १ भाग जाडे मीठ पुरेसे होते. मीठ जास्त झाले तर भांड्याच्या कडेचा थर पाते पोहोचण्यापूर्वीच कडक होऊन बसतो. गोठल्यानंतर पदार्थ मुरविण्यासाठी मात्र मिठाचे प्रमाण वाढवून ४ भागांस १ करावे.

संत्र्याच्या सरबताची कृती

एक किलो मिश्रणासाठी पुढील प्रमाण घ्यावे : गाईचे दूध ३०० ग्रॅम, साखर २३० ग्रॅम, ग्लुकोज पूड ३० ग्रॅम, पाणी ६० ग्रॅम, संत्र्याचा गाळलेला रस ३५० ग्रॅम, लिंबाचा रस ३० ग्रॅम आणि गवार डिंकाची पूड २ ग्रॅम. या प्रमाणात दुधाची स्निग्धता १ टक्क्याच्या थोडी वर भरते आणि एकूण साखर ३० टक्क्यांच्या आसपास राहते.

प्रथम गवार डिंकाची पूड चार-पाच चमचे कोरड्या साखरेत नीट मिसळावी. ती थेट ओल्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि मग त्या काही केल्या मोडत नाहीत. दूध आणि पाणी तापत ठेवून त्यात हे मिश्रण भुरभुरवीत ढवळावे. नंतर उरलेली साखर व ग्लुकोज घालावे. तापमापकावर ६९ अंश आले म्हणजे तेथेच ३० मिनिटे राखावे. दूध एकदा उकळून आणले आहे, एवढ्यावर समाधान मानू नये, कारण साखर, पाणी आणि भांडी यांतूनही जंतू येऊ शकतात. त्यानंतर भांडे गार पाण्यात ठेवून मिश्रण त्वरेने निववावे आणि ४ अंशांपर्यंत थंड करून काही तास तसेच ठेवावे. एवढ्या अवधीत डिंक पूर्ण फुगतो.

संत्री स्वच्छ धुऊन हलक्या हाताने रस काढावा. बिया चिरडल्या किंवा सालीखालचा पांढरा भाग रसात उतरला, तर रस काही वेळाने कडवट होतो. नागपुरी संत्र्याच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी लागते. विक्रीसाठी माल करावयाचा असल्यास रसही वेगळा तापवून लगेच थंड करून घ्यावा.

कृतीतील कळीची गोष्ट आता येते. संत्र्याचा आणि लिंबाचा रस दुधात केव्हा मिसळावयाचा? दूध कोमट असताना आंबट रस पडला की त्यातील केसीन हे प्रथिन गोळा होऊन दूध फाटते. म्हणून दोन्ही मिश्रणे पूर्ण थंड असताना, गोठविण्याच्या अगदी आधी, बारीक धारेने आणि सतत ढवळीत ती एकत्र करावीत. मग वेळ न घालविता पॉटात ओतावीत. भांडे दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये, कारण घुसळताना हवा मिसळून मिश्रण फुगते.

आरंभी दांडा सावकाश फिरवावा. मिश्रण दाटू लागले म्हणजे वेग वाढवावा, आणि हाताला चांगलाच जोर लागू लागला म्हणजे थांबावे. एक किलो मिश्रणाचे सव्वा लिटरच्या आसपास सरबत व्हावे. त्याहून फार अधिक भरले, तर आपण ग्राहकास हवा विकत आहोत असे समजावे. पाते काढून सरबत डब्यांत भरावे आणि शून्याखाली १८ अंश किंवा त्याहून थंड शीतपेटीत टणक होऊ द्यावे. हे काम जितके लवकर होईल, तितके स्फटिक बारीक राहतात.

हापूसचा किंवा पायरीचा रस वापरावयाचा असल्यास त्यात मुळातच गोडी जास्त आणि आम्लता कमी असते. तेव्हा साखर घटवावी आणि लिंबाचा रस वाढवावा. कोकमाची आम्लता मात्र तीव्र असते. दुधाशी त्याचे जुळविणे अवघड. त्याचे दूधविरहित, पाण्यावर गोठविलेले सरबत करावे. रंगही सुरेख राहतो.

दोष आणि त्यांचे निवारण

पदार्थ जिभेला खरबरीत लागत असेल, तर स्फटिक मोठे झाले आहेत असे समजावे. मंद गोठण, अपुरे घुसळणे किंवा शीतपेटीच्या तापमानातील चढउतार, ही त्याची कारणे. वरच्या थरावर पांढरे, साखरेचे कवच धरत असेल, तर सगळी गोडी साध्या साखरेचीच ठेवल्याचा तो परिणाम होय. काही भाग ग्लुकोजचा घातला की साखरेचे स्फटिक सहसा बनत नाहीत. आपल्या कृतीत ग्लुकोज आहे ते यासाठीच. डब्याच्या तळाशी पाक निथळून साचत असेल, तर साखर जास्त किंवा डिंक कमी पडला आहे. मिश्रणात दाणे दिसत असतील, तर रस अवेळी घातला गेला आहे.

बर्फ, वीज आणि विश्वास

यापुढचे माझे बोलणे कृतीहूनही महत्त्वाचे आहे. थंडीने जंतू मरतात, हा समज अगदी चुकीचा आहे. थंडीने त्यांची वाढ थांबते एवढेच. पदार्थ वितळताच ते पुन्हा कामास लागतात. विषमज्वर, कावीळ, पटकी यांसारखे रोग दूषित पाण्यातून पसरतात, आणि दूषित पाण्याचा बर्फ हा दूषित पाण्याहून कणभरही निर्दोष नसतो. पॉटाच्या बाहेरचा बर्फ आपण खात नाही हे खरे, पण झाकण उघडताना त्याचे एखाददुसरे थेंब आत पडावयास वेळ लागत नाही. यास्तव झाकण उघडण्यापूर्वी खारे पाणी झाकणाच्या पातळीखाली आणावे आणि झाकण स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावे. माल टिकविण्यासाठी आणलेला कारखान्याचा बर्फ खाण्याच्या पदार्थात कदापि मिसळू नये. खाण्याचा आणि न खाण्याचा बर्फ ओळखता यावा, म्हणून २०१८ साली आपल्या राज्यात अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा आदेश अन्न व औषध प्रशासनाने काढला. निळसर बर्फ दिसला, तर तो मासळीसाठी आहे, मुलांसाठी नव्हे, एवढे ओळखावे.

दुसरा प्रश्न विजेचा. वीज गेली आणि शीतपेटीतील माल मऊ पडला, तर वीज आल्यावर तो पुन्हा घट्ट होतो. दिसावयास तो पूर्वीसारखाच दिसतो. परंतु त्यातील स्फटिक मोठे झालेले असतात आणि मधल्या काळात जंतूही वाढलेले असू शकतात. असा माल विकू नये. ही गोष्ट सांगावयास सोपी, आचरणात आणण्यास कठीण आहे, याची मला जाणीव आहे. ज्या गटाने कर्ज काढून दोनशे डबे भरले आहेत, त्यास ते ओतून टाकताना जिवावर येणार. म्हणून आरंभीच उपाय योजावा. एका दिवशी विकता येईल एवढाच माल करावा. पेटी भरलेली ठेवावी, कारण भरलेली पेटी रिकाम्या पेटीपेक्षा थंडी अधिक काळ धरून ठेवते. वीज गेल्यावर झाकण उघडू नये. पेटीत तापमापक ठेवून दिवसातून दोनदा वहीत नोंद करावी. नुकसानीची थोडी रक्कम पहिल्या दिवसापासूनच किमतीच्या हिशेबात धरावी. म्हणजे डबे टाकून देण्याची वेळ आलीच, तर प्रामाणिकपणा परवडेल.

तिसरी गोष्ट रंगाची आणि सुवासाची. संत्र्याचा रस कमी करून नारिंगी रंग आणि अत्तर वाढविले, तरी पहिल्या दिवशी कोणाच्या ध्यानात येणार नाही. परंतु मग आपला उद्योग फळांचा राहत नाही. ज्या बागायतदाराच्या लहान आकाराच्या संत्र्यांसाठी आपण हा खटाटोप मांडला, त्याचा त्यात काहीच वाटा उरत नाही. रंगीत गोड बर्फ विकणारे मोठे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांच्याशी स्वस्ताईत स्पर्धा करणे लहान गटास शक्य नाही. आपले बळ आहे ते फळाच्या रसात. वेष्टनावर रसाचे प्रमाण स्पष्ट छापावे आणि ते तंतोतंत पाळावे. चव चाखून ग्राहक दुसऱ्यांदा येतो, आणि लहान उद्योग उभा राहतो तो या दुसऱ्यांदा येणाऱ्या ग्राहकावरच.

आज दुपारच्या सत्रात आपण प्रत्येकी अर्धा किलो मिश्रण करणार आहोत. तापमापक, तराजू आणि वही या तीन वस्तू प्रत्येक टेबलावर ठेवल्या आहेत. निम्म्या गटांनी रस थंड दुधात मिसळावा, आणि एका गटाने मुद्दाम कोमट दुधात मिसळून पाहावा. दूध फाटते कसे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मग ते कोणी सांगावे लागत नाही. हात स्वच्छ धुऊन, केस बांधून सर्वांनी अडीच वाजता प्रयोगशाळेत यावे.